बबिता वाव्हळेचा रिपोर्ट

वालूरच्या बबिता वाव्हळेला डॉक्टरांचं कुठलंही अक्षर वाचता यायचं. सेलूच्या एका मेडिकल दुकानात तिनं अकरा वर्षं काउंटर सांभाळला होता. चिठ्ठीवर नुसत्या रेघोट्या ओढलेल्या असल्या तरी गोळीचं नाव, ती किती दिवस घ्यायची, जेवणाआधी की जेवणानंतर, सगळं ती एका नजरेत सांगायची. दुकानदार गमतीनं म्हणायचा, डॉक्टरला स्वतःचं अक्षर लागलं नाही तर तोही बबिताकडंच येईल.

या एका हुन्नरावर तिला पुढं परभणीत नोकरी लागली. दवाखान्यांचे हातानं लिहिलेले जुने केसपेपर वाचायचे आणि कॉम्प्युटरवर चढवायचे, असं त्या कंपनीचं काम होतं. कोरोनात परभणीचं ऑफिस बंद झालं, सगळ्यांना घरून काम दिलं, आणि मग ते ऑफिस पुन्हा उघडलंच नाही. कारभार पुण्यातून चालायचा. बबिता वालूरला घरात, खिडकीपाशी टेबल टाकून काम करायची. घरात वडील सिताराम आणि बारा वर्षांनी धाकटी बहीण साक्षी. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. सिताराम गावात टपाल वाटायचे, पण खात्याबाहेरचे म्हणून, पक्क्या नोकरीत नाही, त्यामुळं पेन्शनचं नाव नव्हतं. साक्षीनं लॅबचा कोर्स केला होता आणि दोन वर्षांपासून ती नोकरीच्या जाहिराती बघत होती. घर चालायचं ते बबिताच्या कामावर.

आणि बबिताची नजर जायला लागली होती.

तिला तिशीच्या आतच शुगर धरली होती. गेल्या वर्षी दिवाळीनंतर डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले. पुसले तरी जाईनात. मग एक दिवस डाव्या डोळ्यासमोर काळसर पडदाच आला. परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं आत लाईट मारून बघितलं आणि सांगितलं, "आत रक्त उतरलंय. इंजेक्शन देऊ, लेझर करू. गेलेली नजर किती परत येईल सांगता येत नाही. राहिलेली टिकवायचा प्रयत्न करायचा." बबितानं कंपनीला काही कळवलं नाही. केसपेपर वाचणाऱ्या बाईला दिसत नाही म्हटल्यावर तिला ठेवणार कोण?

तिनं आणि साक्षीनं एक रीत बसवली. खुर्चीवर साक्षी बसायची, बबिता शेजारी स्टुलावर. साक्षी अक्षराचा आकार सांगायची.

"पहिलं अक्षर डीसारखं हाय. मग दोन लाटा. मग सरळ रेघच ओढलीय बघ."

"वय किती पेशंटचं?"

"बासष्ट."

"वर शुगर लिवलीय का कुठं?"

"व्हय, तीनशे दहा."

"मग ते मेटफॉर्मिन असंल. लाटा मोज नीट, तीन हायत का?"

तीन असायच्या. साक्षी टाईप करायची. असं करून दिवसाला साठ-सत्तर कागद व्हायचे आणि चुका सगळ्या टीममध्ये सगळ्यात कमी बबिताच्या निघायच्या. काम बरोबर होतं, पण ते नियमात बसत नव्हतं. ज्याच्या नावानं परवानगी, त्यानंच पेशंटचा कागद बघायचा, घरच्या माणसालासुद्धा दाखवायचा नाही, असं बबितानं सही करून दिलं होतं.

पण बघायला येतंय कोण? कंपनीच्या कॉम्प्युटरात शिरायला व्हीपीएन होतं. लॅपटॉप उघडायचा, व्हीपीएनची खूण दाबायची, पासवर्ड द्यायचा, मोबाईलवर आलेला आकडा टाकायचा, की आत. सकाळी एकदा शिरलं की संध्याकाळपर्यंत कुणी विचारायचं नाही. खुर्चीवर बबिता आहे की साक्षी, हे व्हीपीएनला कळायचं कारण नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्यात एका बाळंतपणाच्या दवाखान्याचे कागद त्यांच्याकडं आले. एका दुपारी साक्षी टाईप करता करता थांबली.

"ताई, ही आपल्या गावातली शिवकन्या हाय. नर्मदाबाईची सून."

कागद चार वर्षांपूर्वीचा होता, शिवकन्या पोटुशी होती तेव्हाचा. वर तिचा आणि नवऱ्याचा मोबाईल नंबर होता. खाली डॉक्टरनं 'पूर्वीचे आजार' यापुढं घाईत दोन ओळी खरडल्या होत्या. साक्षीनं आकार सांगितला आणि बबिताला लगेच लागलं. लग्नाआधी तीन वर्षं फिटच्या गोळ्या. सासरी माहीत नाही. सांगू नये.

 मग बबिता म्हणाली, "तोंडातून काढायचं न्हाई. कुणापशीच न्हाई."

"मला काय येडी समजतीस का?" साक्षी म्हणाली. तिनं तो कागद चढवला आणि पुढचा घेतला.

कापसाची दुसरी वेचणी चालली होती तेव्हा एका सकाळी शिवकन्या स्वतःच दारात आली. ती कधी एकटी यायची नाही. गावातल्या बायकांचे फॉर्म बबिता ऑनलाईन भरून द्यायची, त्यासाठी नर्मदाबाईबरोबर ती एकदोनदा आली होती, तीही उंबऱ्याबाहेर उभी राहून. आज ती थेट आत आली, लॅपटॉपकडं बघितलं आणि खालीच बसली. 

"बबिताताई, तुला ह्यातलं कळतंय म्हणून आले. कुणीतरी फोन करायलंय. चार दिस झाले. त्याला माझं सगळं ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

शिवकन्यानं दाराकडं बघितलं. "मी पोरगी असताना मला... मला झटके यायचे. आता न्हाई येत, आठ वर्षं झाली, एकपण न्हाई. हे आमच्या घरी कुणालाच ठाव न्हाई. मी नुसतं डॉक्टरला सांगितलं होतं, पोटातल्या लेकराला काय होऊ नये म्हणून. नवरा बाहेर बसला होता. तो माणूस म्हणतो, पैसे पाठव, न्हाईतर तुझ्या नवऱ्याला पाठवतो. मी पाठवले, जेवढे जवळ होते तेवढे. आता अजून मागायलाय."

"काय पाठवतो म्हणला?"

"कागद. त्यानं मला वाचून दाखवला."

तिनं तो मजकूर जसा ऐकला तसा सांगितला.  डॉक्टरनं खरडलेल्या दोन ओळी सरळ करून मराठीत कशा लिहायच्या, हे तिनंच ठरवलं होतं. 'सासरी माहीत नाही, सांगू नये' हे शब्द तिनं बोललेले आणि साक्षीनं टाईप केलेले होते. चोरानं कागद वाचला नव्हता, त्यांची नोंद वाचली होती.

"पोलिसात जाऊ," बबिता कशीबशी म्हणाली.

"पोलीस घरी येतील की गं. मग राहिलं काय?"

शिवकन्या उठली आणि पदर सारखा करून निघून गेली. बबितानं साक्षीकडं तोंड फिरवलं. तिला साक्षीचा चेहरा स्पष्ट दिसत नव्हता, नुसता उजेडात धरलेला गोल दिसत होता.

"साक्षे, खरं सांग. कुणापशी बोललीस का?"

"ताई!"

"मैत्रिणीपशी? मोबाईलमदी फोटू काढला?"

"तू मला हे इचारतीस?" साक्षी खुर्चीवरून उठली. "तुझ्या डोळ्यापायी मी इथं दिसभर बसते. माझं सगळं सोडून बसते. आन तू मला चोर म्हणतीस?"

त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बबिताच्या मनात मात्र एकच घोळत राहिलं. साक्षी बोलली नाही हे खरं मानलं, तरी त्यांचा पासवर्ड तर कुणाच्या हाती लागला नसेल? लॅपटॉप जुना, साक्षी त्याच लॅपटॉपवर नोकरीचे फॉर्म भरते, कुठकुठल्या साईटी उघडते. कंपनीला विचारावं तर कंपनी म्हणणार, तुमच्या लॅपटॉपला दुसऱ्या कुणाचा हात लागतो का? मग काय सांगायचं?

आठ दिवसांनी कंपनीनंच सगळ्यांना ऑनलाईन मीटिंगला बोलावलं. नेटवर्क सांभाळणारा धम्मदीप बोलत होता. तो मूळचा परभणीचाच, पुण्यात राहून शहरी बोलायला शिकलेला. एका दवाखान्याच्या नोंदी चोरीला गेल्या आहेत, असं त्यानं सरळ सांगितलं. कुणाच्या तरी व्हीपीएनच्या पासवर्डावरून चोर आत आले. कुणाच्या, ते अजून कळलेलं नाही, तपास चालू आहे. 

"व्हीपीएनची अडचण अशी आहे," धम्मदीप म्हणाला, "की ते फाटकावर एकदा ओळखपत्र बघतं आणि सोडून देतं. आत गेलेला माणूस मग कुठल्याही टेबलावर जाऊ शकतो, कुठलंही कपाट उघडू शकतो. शिवाय फाटक रस्त्यावरच आहे, येणाराजाणारा कुणीही ते ढकलून बघू शकतो. आता आपण एक नवीन पद्धत बघणार आहोत. सॉफ्टवेअर डिफाइन्ड पेरिमीटर. नाव लांबलचक आहे, आपण एसडीपी म्हणू. यात बाहेरून फाटक दिसतच नाही. आधी माणूस कोण, मशीन कुठलं, ते ठीक आहे का, हे तपासणार. पटलं तर त्या माणसाला त्याच्या कामाचं तेवढंच एक दार उघडणार, बाकीचं काही दिसणार नाही. आणि दिवसभर अधूनमधून पुन्हा तपासणार. आपण त्याला चेहऱ्याची तपासणीही जोडतोय."

खर्च बराच होता, त्यामुळं वरच्या साहेबांचं मन होईना. म्हणून पंधरा जणांनी तीन आठवडे दोन्ही वापरून बघायचं ठरलं, सकाळी जुनं व्हीपीएन, दुपारी नवीन. मग प्रत्येकानं रिपोर्ट लिहायचा. पंधरा जणांत पहिलं नाव बबिताचं होतं. सगळ्यात कमी चुकांची म्हणून.

नवीन लॅपटॉप कुरिअरनं सेलूला आला. सिताराम एसटीनं जाऊन घेऊन आले. पहिल्याच दुपारी साक्षी नेहमीसारखी खुर्चीवर बसली. पडदा उघडला नाही. बबिता बसली, चेहरा दाखवला, उघडला. साक्षी शेजारून डोकावली, तसा पडदा पुन्हा मिटला. दोन चेहरे दिसले की तो मिटायचा. साक्षी भिंतीकडून, कॅमेऱ्याच्या बाहेरून बघू लागली, पण तिथून केसपेपरवरचं अक्षर कुणालाच लागलं नसतं.

मग दुपारी बबिता एकटी बसू लागली. भिंग घेऊन, नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ जाऊन. उजव्या डोळ्यानं एकेक अक्षर धरायची. डोकं ठणकायचं, डोळ्यातून पाणी यायचं. लाईट गेली आणि मोबाईलच्या नेटवर जोडायला गेलं की नवीन पद्धत सगळं पहिल्यापासून विचारायची. सकाळी चाळीस कागद व्हायचे, दुपारी सात. एकदा तिनं पाचशे मिलिग्रॅमच्या जागी पन्नास लिहिलं. तपासणाऱ्यानं ते पकडलं म्हणून बरं.

दुसऱ्या आठवड्यात साक्षी आपणहून बोलली. भांडण अजून पुरतं मिटलं नव्हतं.

"ताई, तुला अजून माझ्यावर संशय हाय ना? मग चल, बघू चोराला कसं जमलं ते."

सकाळची वेळ होती, जुनं व्हीपीएन चालू होतं. साक्षीनं नेहमीच्या फोल्डरमधून एक पायरी वर जाऊन बघितलं. तिथं सगळ्या दवाखान्यांची नावं ओळीनं होती. त्यांना दिलेलाच नव्हे, तर प्रत्येक दवाखाना. तिनं एक उघडलं, दुसरं उघडलं. बाळंतपणाच्या त्या दवाखान्याचं काम संपून तीन महिने झाले होते, तरी ते उघडलं. शोधायच्या जागी तिनं 'शिवकन्या' टाईप केलं. नोंद समोर आली. कुणी अडवलं नाही, काही विचारलं नाही. घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती. आणखी वर गेल्यावर कामावरच्या सगळ्या माणसांची माहिती, त्यांचे आधारचे कागद, सगळं उघडं पडलेलं.

"बस, बंद कर," बबिता म्हणाली.

दुपारी नवीन मशीनवर बबितानं तेच करून बघितलं. साक्षी मागं, भिंतीला पाठ लावून, काय दाबायचं ते सांगत होती. वर जायला पायरीच नव्हती. दवाखान्याचं नाव टाकलं तर 'परवानगी नाही' असंसुद्धा आलं नाही. असं काही जगात आहे याचाच पत्ता नव्हता. त्या दिवशी वाचायला दिलेले कागद, आणि त्याच्या पलीकडं काही नाही.

"हे आधी असतं तर," साक्षी म्हणाली आणि तिथंच थांबली.

बबितानं भिंग खाली ठेवलं. हे आधी असतं तर शिवकन्याची नोंद चोराला दिसली नसती. आणि हे आधी असतं तर बबिताच्या घरची चूल वर्षभरापूर्वीच थंड पडली असती. दोन्ही खरं होतं.

त्याच आठवड्यात शिवकन्याच्या नवऱ्याच्या मोबाईलवर तो कागद आला आणि तिथून गावभर फिरला. नर्मदाबाई भर गल्लीत उभी राहून बोलत होती, "आमाला फशिवलं! रोगाची पोरगी गळ्यात बांधली!" शिवकन्याचा भाऊ पालमहून आला आणि तिला घेऊन गेला. तिची चार वर्षांची सृष्टी सासरच्यांनी ठेवून घेतली. एसटी सुटताना पोरगी आजीच्या कडेवर होती. ती कशी रडत होती ते बबितानं घरातून ऐकलं. बाहेर जायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपचा फोन आला.

"ताई, तुमचे आकडे बघितले. जुन्यावर नेहमीसारखं एक नंबर. नव्यावर एकदम पडलंय, चुकाही वाढल्यात. काय अडचण आहे?"

"लाईट जाती इथं."

"हो, ते बाकीच्यांनीही कळवलंय. चौघंपाचजण वैतागलेत. खरं सांगू का? साहेब म्हणतायत, बबिता वाव्हळेसारख्या बाईला जमत नसेल तर हे नको. जुन्याचाच पासवर्ड जरा कडक करू, झालं. तुमच्या रिपोर्टवर बरंच अवलंबून आहे. परवापर्यंत पाठवा."

फोन ठेवल्यावर बबितानं मनात हिशोब केला. तिला काही करायचीसुद्धा गरज नव्हती. खोटंही बोलायचं नव्हतं. नवीन पद्धत अवघड आहे, काम निम्म्यावरही होत नाही, एवढंच लिहायचं आणि तेवढं तर आकडेच सांगत होते. मग जुनं चालू राहील, साक्षी खुर्चीवर बसेल, डोळ्याची इंजेक्शनं होतील. आणि कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी बाईला पुन्हा असाच फोन येईल.

साक्षी शेतावर गेली होती, कुणाच्या तरी वेचणीला, चार पैसे मिळतात म्हणून. सिताराम अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. बबिता भिंतीला हात लावत त्यांच्यापाशी गेली आणि तिनं सगळं सांगितलं. डोळ्याचं त्यांना माहीत होतं. शिवकन्याच्या कागदाचं माहीत नव्हतं.

सितारामांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "म्या छत्तीस वर्षं टपाल वाटलं. कुणाकुणाला वाचून दाखवायचो, लोकांना वाचाय येत नव्हतं. ज्याचं त्याला. उठल्यावर इसरून जायचो." ते थांबले. "तुझा कागद तू एकटीनं बघायचा होता, व्हय?"

"व्हय."

"मग आता मी काय सांगू बाई? तुला दिसत न्हाई, हे बी खरं हाय."

ते काहीतरी ठाम सांगतील, कर म्हणतील किंवा नको म्हणतील, असं तिला वाटलं होतं. ते पुन्हा शेंगा सोलायला लागले. 

बबितानं फोन लावला.

"धम्मदीप सर, रिपोर्ट तोंडी सांगते, तुमी लिहून घ्या. नवीनच बरं हाय. जुन्यातून मी दोन मिनिटांत कुठल्याबी दवाखान्यात शिरले. आता बी शिरता येतंय, तुमी बघा. नवीनमदून मला माझ्या कागदाशिवाय काय दिसत न्हाई. लाईट गेल्यावर तरास हाय, तेवढा सुधारा."

"पण ताई, तुमचे आकडे..."

"सकाळचं काम माझं न्हाई. म्हणजे डोकं माझं हाय, डोळे माझ्या बहिणीचे हायत. वर्षभर तीच बसायलीय खुर्चीवर. मला दिसत न्हाई सर. दुपारचे सात कागद, ते माझे."

 मग धम्मदीप हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू का? नाहीतर तुमचा आयडी लगेच बंद करावा लागेल मला. लगेच म्हणजे आत्ता."

"मग साहेब नवीन घेतील का? माझे आकडे बघून?"

"नाही घेणार," तो म्हणाला.

"लिहा," बबिता म्हणाली.

तासाभरानं दोन्ही लॅपटॉप बंद पडले. जुन्यावर पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. नव्यावर काहीच आलं नाही.

साक्षी दिवस मावळायच्या आत घरी आली. तिला कळलं तेव्हा ती आधी ओरडलीच नाही. "मला इचारलं का न्हाईस?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "माझं नाव बी सांगितलंस?"

"सांगितलं."

"मला आता अशी कागदाची नोकरी कोण देईल ताई? लॅबमदी सुदिक पेशंटचेच कागद असतात. तुझं खरं तू बोललीस. माझं कामून बोललीस?"

 फोन करताना बबिताच्या मनात शिवकन्या होती, सृष्टी होती. साक्षी नव्हती. वर्षभर जिच्या डोळ्यांनी तिनं जग बघितलं होतं, ती साक्षीच तिला ऐन वेळी दिसली नव्हती.

कंपनीनं आठ दिवसांनी पत्र पाठवून करार संपवला. दोघींनाही पुढं कधी काम मिळणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना नवीन पद्धत लागू झाली. हे धम्मदीपनं स्वतः फोन करून सांगितलं, आणि आणखी एक सांगितलं. चोरीला गेलेला पासवर्ड गंगाखेडकडच्या एका मुलीचा होता. कंपनीसारखंच दिसणारं खोटं पान तिला कुणी पाठवलं आणि तिनं त्यात तो भरला, मोबाईलवर आलेला आकडाही भरला. "तुमच्याकडून नव्हतं ताई. मला वाटलं, तुम्हाला कळावं."

बबितानं फोन ठेवला. दोन महिने जे छातीवर होतं ते उतरायला हवं होतं. पण घरात पीठ संपत आलं होतं, साक्षी बोलत नव्हती, डाव्या डोळ्याचं पुढचं इंजेक्शन चुकलं होतं. हलकं वाटायला जागाच नव्हती. ती साक्षीला म्हणाली, "मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलं माझं." साक्षी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली की नाही, हे बबिताला दिसलं नाही.

पौष उजाडता उजाडता साक्षीला मानवतच्या एका लहानशा लॅबमध्ये रक्ताचे नमुने गोळा करायचं काम मिळालं. तिथं कुणी जुनं काही विचारलं नाही. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, बबिताच्या डोळ्यात थेंब घालायची. बोलणं कामापुरतं.

बबितानं शिवकन्याला पालमला फोन करायला सुरुवात केली. पहिले तीन फोन तिनं उचललेच नाहीत. चौथ्यांदा उचलला. बबिता म्हणाली, आता लपवायला काय राहिलंय, परभणीला सायबर पोलिसात तक्रार देऊ, मी येते. कागद कुठून गेला ते मला सांगता येईल.

ठरल्या दिवशी बबिता सेलूहून रेल्वेनं परभणीला आली. स्टेशनवर पायऱ्यांच्या कडा दिसेनात, तेव्हा एका बाईनं दंडाला धरून उतरवलं. पोलिसांच्या कार्यालयात शिवकन्या आधीच येऊन बसली होती. तिच्या हाताला आता बांगड्यांची किणकिण नव्हती. जबाब लिहून घ्यायला दोन तास गेले. बबितानं कंपनीचं, व्हीपीएनचं, एकदा आत शिरलं की सगळं उघडं कसं असायचं त्याचं, सगळं क्रमानं सांगितलं. लिहून घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या, न समजलेलं पुन्हा विचारत होत्या.

शेवटी शिवकन्यानं विचारलं, "मॅडम, आता ते पुसून टाकता येईल का? सगळ्यांच्या मोबाईलमधून?"

मॅडम म्हणाल्या, "माणूस सापडला तर शिक्षा होईल. पण गेलेलं परत येत नाही, बाई."

एसटी स्टँडवर दोघी बाकड्यावर बसल्या. पालमची गाडी लागायची होती. शिवकन्या म्हणाली, सृष्टीला आठवड्यातून एकदा फोनवर बोलू देतात, तेही सासू फोन हातात धरून. मग ती म्हणाली, "तू कशाला एवढं करायलीस माझ्यासाठी? तुझा काय संबंध?"

बबितानं ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण तोंडातून गेलंच.

"तुझा तो कागद मी वाचला होता. साक्षीनं टाईप केला. 'सांगू नये' हे शब्द माझेच. चोरी आमच्याकडनं झाली न्हाई, पण साक्षीनं तो बघायचा नव्हता, तरी मी तिला बघू दिला. तू दारात आलीस तवा मला ठाव होतं. मी गप बसले."

शिवकन्या उठली. तिचं तोंड बबिताला दिसत नव्हतं. पिशवी उचलल्याचा आवाज आला, मग चपलांचा. पालमची गाडी फलाटाला लागत होती आणि लोक दाराकडं धावत होते. बबिता तशीच बसून राहिली. गाडी कुठली, तीत कोण चढलं, तिला काही कळत नव्हतं. कंडक्टरनं दार ओढलं, घंटी मारली.

गाडी मागं सरकत असताना खिडकीतून शिवकन्याचा आवाज आला. त्या आवाजात माया नव्हती.

"वीस तारखंला पुन्हा बोलिवलंय पोलिसांनी. ये तू. मला एकटीला तिथं काय बोलाय येत न्हाई."

बबिता आवाजाच्या दिशेनं "येते" म्हणाली. मग शेजारच्या माणसाला तिनं विचारलं, सेलूची गाडी कुठल्या फलाटावर लागती.